मराठी पाट

आमच्या अंगणात तीन भाषा होत्या आणि आड एकच होता. पाणी शेंदताना भांडण कुठल्याही भाषेत सुरू होई, पण मिटायचं ते मराठीत, कारण मिटवणारी माझी आई असायची. ती करकंबची. लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हा तिला गावच्या बोलीपलीकडे काही येत नव्हतं. मी मोठा होईपर्यंत ती कानडीत भाजीची घासाघीस करायला, तेलुगूत बाळंतिणीची विचारपूस करायला आणि दखनीत बांगडीवाल्याला परत धाडायला शिकली होती. घरमालक लिंगायत, रस्त्याच्या बाजूला राहत. त्यांच्या मागे अंगण, अंगणाच्या एका अंगाला आमच्या दोन खोल्या, आणि समोरच्या लांब पडवीत मल्लेशम विणकराचे दोन माग. मल्लेशमची धाकटी बहीण नरसम्मा विधवा झाल्यापासून त्याच्याकडेच होती. हे प्रकरण तिच्याविषयी आहे. खरं म्हणजे माझ्याविषयी आहे. पण ते तिच्याविषयी आहे, आणि दुसऱ्याविषयी आपण काय लिहायचं, अशी समजूत करून घेऊन मी ते इतकी वर्षं टाळत आलो.

पहाटे गिरणीचा भोंगा व्हायचा. माझे वडील गिरणीत टाइमकीपर होते आणि भोंगा जणू आपल्याच हुकमानं वाजतो अशा थाटात ते त्याच्या आधी पाच मिनिटं उठून बसलेले असायचे. भोंग्याचा शेवटचा सूर विरतो न विरतो तोच समोरचे माग सुरू व्हायचे. आधी एक, मग दुसरा. थोडा वेळ दोघांचं जमायचं नाही, आणि मग कधीतरी दोघे एका ठेक्यात येऊन पडायचे. त्या ठेक्याखाली नरसम्माच्या राहाटाची घरघर असायची. रंगवलेलं सूत धोट्यात बसणाऱ्या कांड्यांवर गुंडाळायचं हे तिचं काम. आणि त्या सगळ्याच्या वर तिचं गाणं. लग्नातली, पेरणीतली, देवीची, रुसलेल्या नवऱ्याची, कसली कसली तेलुगू गाणी ती म्हणायची. राहाट तिच्या हातानं नव्हे, गळ्यानं चालतो असं आई म्हणायची, आणि ते खरंही होतं. गाणं दुःखाचं असलं की राहाट मंद व्हायचा, कांड्या उशिरा भरायच्या, आणि मागाच्या खड्ड्यातून मल्लेशम ओरडायचा. तो काय ओरडतो ते आई मला हसत सांगायची: "म्हनतोय, रडकं नगं, पळतं म्हन. धोटा उपाशी हाय माझा."

त्यांच्याकडे चिंचेचं सार आणि भात शिजायचा, आमच्याकडे ज्वारीची भाकरी. आई उखळात शेंगदाण्याची चटणी कुटायला बसली की तेल सुटल्याचा वास अंगण ओलांडून जायचा आणि नरसम्मा राहाट थांबवून नुसती मान वर करायची. आई न बोलता एक गोळा पानावर घालून नेऊन द्यायची. संध्याकाळी साराची वाटी परत यायची. वडील ते सार तोंड वाकडं करून प्यायचे आणि वाटी चाटून ठेवायचे. नरसम्मा तिशीच्या आतबाहेर असेल. उंच, सावळी, बोटांच्या टोकांना कायम रंग. ती मला 'तम्मुडू' म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. मी तिला अक्का म्हणायचो. हे दोन शब्द इथं मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं जे घडलं ते या दोन शब्दांच्या डोळ्यांदेखत घडलं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. लहान होतो असं म्हणायची सोय नाही. मॅट्रिकला दोनदा आपटून मी नव्या पेठेतल्या दुकानांच्या पाट्या रंगवायला लागलो होतो. अक्षरं बरी काढायचो, माणसं वाईट काढायचो, आणि रंगांतलं मला काडीचं कळत नव्हतं. ते नरसम्माक्कानं शिकवलं. पडवीच्या मागे मल्लेशम सूत रंगवायचा. मातीच्या रांजणांत निळं, लाल, जांभळं पाणी. एकदा मी एका कापडदुकानाच्या पाटीसाठी लाल कालवत होतो. ती सुताची लड खांद्यावर टाकून उभी राहिली आणि म्हणाली, "हे लाल मेलेला हाय, तम्मुडू." मी म्हणालो, चांगलं कुंकवासारखं तर आहे. ती म्हणाली, "ओला हाय म्हून. ओला रंग लबाड. वाळू दे, मग बघ." वाळल्यावर तो खरोखरच विटकरीसारखा निर्जीव झाला. मग तिनं मला सांगितलं की लालात किंचित निळं टाकायचं, डोळ्याला दिसणार नाही एवढं, म्हणजे ते वाळल्यावरही जितं राहतं. हे तिला कुणी शिकवलं ते तिलाही ठाऊक नव्हतं.

पुढं मुंबईच्या कलाशाळेत एका गुरुजींनी हीच गोष्ट फळ्यावर इंग्रजी शब्द लिहून सांगितली तेव्हा सगळ्या वर्गानं वहीत उतरवून घेतली. मी नाही घेतली. पण आजवर प्रदर्शनांतून लोक मला विचारत आले, की तुमचे लाल रंग असे कसे, कुठं शिकलात. आणि प्रत्येक वेळी मी त्या कलाशाळेचंच नाव सांगत आलो. हीसुद्धा एक धाकटी कबुलीच समजावी.

त्या वेळचं सोलापूर म्हणजे कानाला कधी उपास नाही असं शहर. नाटक कंपनी आली की तिची पदं आठ दिवसांत टांगेवाल्यांच्या तोंडी. सिद्धेश्वराच्या यात्रेत कानडी भजनं, मोहरमात दखनी मर्सिये, विणकरांच्या पेठांत हरिकथा. नव्या पेठेत एका चहाच्या हॉटेलात ग्रामोफोन आला होता आणि एक कप चहावर चार चार तबकड्या ऐकणारे आमच्यासारखे लोक पाहून मालक कपाळाला हात लावायचा. तिथं माझा दोस्त सिद्राम आणि मी रोज जायचो. सिद्राम नव्या पेठेतल्या एका कापडवाल्याचा मुलगा, घरात कानडी, बाहेर मराठी, आणि आवाज असा की डोळे मिटून ऐकलं तर बाईच गाते आहे असं वाटावं. गणपतीच्या दिवसांत निघणाऱ्या मेळ्यात स्त्रीवेषातलं पहिलं काम त्याचंच. मी त्या मेळ्याचा पडदा रंगवायचो. मेळ्यात कवी होते, गाणारे होते, भाषण करणारे होते आणि एक 'पेंटर' होता. कवीला हार मिळायचा. पेंटरला हाक मारायची ती शिडी धरायला.

हॉटेलात ऐकलेलं घरी येईपर्यंत मी गुणगुणत असायचो. एके सकाळी अंगणात पडद्याचं कापड पसरून त्याला सरस लावत होतो आणि तोंडानं एका नव्या नाट्यपदाच्या ताना चालल्या होत्या. नरसम्माक्काचा राहाट थांबला.

"ते कुटला हाय रे?" तिनं विचारलं.

"नवीन आहे. नाटकातलं."

ती राहाट सोडून उठली. मग जवळ येऊन, कुणी ऐकू नये अशा आवाजात, लहान मुलीनं खाऊ मागावा तशी म्हणाली, "तम्मुडू, मला एक पाट पायजे."

मी चमकून वर पाहिलं.

"माझा जुना पाट झिजला सगळा. लई वर्स झाला. आता गोड लागत न्हाय. नवा पायजे. मराठी पायजे. तू आण की."

आमच्या मराठीत विधवेनं दुसरा घरोबा केला की त्याला पाट म्हणतात, हे वाचकांना सांगायला नको. पोटातून आलेलं हसू मी सरसाच्या डब्यात तोंड घालून दाबलं. ती वाट पाहत उभी होती. मी काहीतरी 'हो, बघतो' म्हणालो आणि घरात पळालो. आईला सांगताना मला धड बोलताही येईना. आई भाकरी थापत होती. तिनं ऐकून घेतलं, भाकरी तव्यावर टाकली, हात पाण्यात बुचकळला आणि म्हणाली, "हसतोस काय येड्या? पाट म्हंजी त्यांच्यात गानं. गानं मागतीया ती तुला."

मग थोड्या वेळानं भाकरी उलटत ती म्हणाली, "आनि दुसरा पाट मागितला असता, तरी त्यात काय हसायचं? माझ्या मावशीचा पाटच लागला हुता. सुकानं नांदली."

मला तेव्हा शरमल्यासारखं झालं. परत अंगणात जाऊन मी तिला म्हणालो, "अक्का, ते पद मी लिहून आणतो आणि तुला शिकवतो." तिनं एवढा आनंद केला की मलाच मोठं काही दिल्यासारखं वाटलं. त्या मोबदल्यात तिनं मला पडद्याच्या आभाळासाठी मल्लेशमच्या रांजणातली निळी दिली, भावाला न विचारता, तांब्याभरून. मी पडद्यावर सिद्धेश्वराचं तळं काढत होतो, मावळतीच्या वेळचं. त्यात देऊळ, पायऱ्या, आणि वर अर्ध्याहून जास्त नुसतं आभाळ. ती रोज कांड्या भरताना तिथून बघायची आणि सांगायची, इथं गडद कर, इथं पाणी लाव, घाई करू नको. "माझा निळा कुटं हाय दाव," म्हणायची. मी बोट दाखवलं की मान डोलवायची. मेळा आमच्या पेठेत येईल तेव्हा तिनं तो टांगलेला पाहायला यायचं असं ठरलं. बोलावलं मीच.

तीन दिवसांनी मेळ्याची तालीम होती. दुसऱ्या पेठेच्या मेळ्यानं त्या वर्षी फार चढी पदं बसवल्याची बातमी होती आणि आमचा कवी तापानं पडला होता. सगळे चिंतेत बसलेले. सिद्राम म्हणाला, "हसवायला काईतरी पायजे बगा. रडून रडून देशभक्ती किती करायची?" कुणी काही सुचवलं, कुणाला हसू आलं नाही. मी कोपऱ्यात ब्रश धूत होतो. मी म्हणालो, "आमच्या शेजारच्या अक्कांना नवा पाट हवा आहे. जुना झिजला म्हणतात. आणि नवा मराठीच पाहिजे."

त्यावर जे हसू उसळलं ते मला आजही ऐकू येतं. माझ्या बोलण्यावर एवढी माणसं एकदम हसली असं तोवर आयुष्यात घडलं नव्हतं. सिद्राम मांड्यांवर थापा मारत म्हणाला, "पेंटर, लेका, इतके दिवस कुटं लपला हुतास? लिही की हे, लिही!" कुणीतरी कागद पुढं केला. आईनं अर्थ सांगितल्याला तीन दिवस झाले होते. मला तो पक्का ठाऊक होता. तरी मी लिहिलं:

जुना झिजला पाट, मला नवा पाट हवा,
तेलंगी नको गं बाई, मराठीच बरवा!

पुढं आणखी चार कडवी होती. ती लिहीत नाही. सिद्रामनं तिथल्या तिथं चाल लावली, तीही मी अक्काला शिकवणार होतो त्याच नाट्यपदाची, कारण ती सगळ्यांच्या तोंडी होती. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा 'कविराज' म्हणून हाक मारली गेली.

मी पुष्कळदा विचार केला आहे की हे चित्रात का झालं नसतं. रंगाला श्लेष करता येत नाही. निळं हे तेलुगूतही निळं आणि मराठीतही. ते पाहणाऱ्याला फसवून दुसऱ्याला डोळा घालत नाही. शब्दाला मात्र दोन दारं असतात, आणि एका दारानं विश्वासानं आत आलेल्या माणसाला दुसऱ्या दारानं बाहेर ढकलता येतं. त्यानंतर मी एक ओळही कवितेची लिहिली नाही. मित्र म्हणतात, तुमच्या चित्रांत काव्य आहे, तुम्ही लिहीत का नाही? मी हसतो. पण दोष कवितेचा नव्हता हेही मला कळतं. ढकलणारा हात माझा होता.

आमच्या पेठेतला मेळा दुपारी चार वाजता होता. चौकात मंडप, पुढं सतरंज्यांवर बायका-मुलं, मागं पुरुष, कट्ट्यांवर आणि गच्च्यांवर गर्दी. पुढचा साधा पडदा वर गेला तेव्हा मागच्या पडद्यावरचं तळं पाहून लोकांनी टाळ्या दिल्या. मी बाजूच्या खांबाआड पुढच्या पडद्याची दोरी धरून उभा होतो. नरसम्माक्का तिसऱ्या ओळीत बसली होती, पांढऱ्या लुगड्यात, आणि शेजारणीला आभाळाकडे बोट करून काही दाखवत होती. काय ते मला न ऐकताही कळत होतं.

मग सिद्राम आला. नऊवारी नेसलेला, कपाळ मोकळं, हातात खोटा राहाट. राहाट मी सुचवला नव्हता. पण तो रंगवून दिला होता मीच. पहिलं कडवं होताच पुरुषांच्या बाजूनं हशा आला. आणि नरसम्माक्काचा चेहरा उजळला. तिला दोनच गोष्टी कळल्या होत्या. चाल ती होती जी तिनं मागितली होती. आणि शब्द तिचा होता. तिला वाटलं, तम्मुडूनं आपल्यासाठी नवं गाणं करून आणलं, आणि ते सगळ्या पेठेसमोर म्हणायला लावलं. ती उठून उभीच राहिली. छातीवर हात ठेवून आजूबाजूच्या बायकांना आनंदानं सांगू लागली, "अदी ना माटे! माझा शब्द! मी सांगितला, मी तम्मुडूला सांगितला!"

सिद्राम जातीचा नट. त्यानं तिच्याकडे बोट केलं आणि गाता गाता म्हणाला, "अगं बाई, हीच की ती!"

चौक फुटतो की काय असं वाटलं. लोक हसून एकमेकांवर पडत होते, शिट्ट्या, 'वन्स मोर'चा कल्लोळ. आणि तीही हसत होती, टाळ्या वाजवत होती. किती वेळ? एक कडवं संपून दुसरं सुरू होईपर्यंत. मग शेजारच्या मराठी बाईनं तिचा पदर ओढून तिला खाली बसवलं आणि कानाशी काही सांगितलं. नरसम्माक्कानं तिच्याकडे पाहिलं, मग सिद्रामकडे, मग बाजूच्या खांबाकडे. तिला मी दिसलो की नाही ते मला कधी कळलं नाही. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि बसून राहिली, कारण एवढ्या गर्दीतून उठून जायला वाट नव्हती. उरलेली तीन कडवी तिनं तिथंच ऐकली. पडद्याची दोरी माझ्या हातात होती. ती सोडली असती तर पडदा पडला असता. मी सोडली नाही, कारण टाळ्या चालू होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मल्लेशम आमच्या दारात आला. आई आडावर होती, वडील गिरणीत. मल्लेशम तेलुगू माणूस. त्याला पाट म्हणजे काय ते मी सांगण्याची गरज नव्हती. तो उंबऱ्याच्या बाहेरच उकिडवा बसला. मला वाटलं होतं मारेल. तो हळू आवाजात म्हणाला, "तू लिवलं, व्हय?"

मी मानेनंच हो म्हणालो.

"चांगलं लिवलं. लोक लई हसलं." मग म्हणाला, "आमच्या लोकांना म्हाईत हाय, ती गाना मागितली. मराठी लोकांना म्हाईत न्हाय. उद्या मेळा दुसऱ्या पेठंत हाय. ते कडवा गाळू नको. म्हना. खुशाल म्हना. पन आधी तू वर चढून सांग, पाट म्हंजी गाना. येवडंच सांग. तू सांगितला तर ऐकतील. तू शिकलेला हाय."

"सांगतो, मल्लेशअण्णा," मी म्हणालो. "उद्याच सांगतो."

"देवाशपत?"

"देवाशपथ."

तो उठला आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. त्या हातावर निळा रंग होता आणि सदऱ्यावर त्याची दोन बोटं उमटली. आईनं तो सदरा धुताना विचारलं, "कशाचा डाग रं ह्यो?" मी म्हणालो, पडद्याचा.

दुसऱ्या दिवशी मी सिद्रामला सांगितलं. तो मिशीला रंग लावून मिशी लपवत होता, थांबला आणि आरशातून माझ्याकडे पाहत म्हणाला, "म्हंजी विनोद करायचा आनि मग त्याचा अर्थ सांगायचा? लोक जोडं मारतील की! बरं, तुला सांगायचं तर जा वर, सांग. मी कुटं आडवतोय?" तो खरंच अडवत नव्हता. मी रंगमंचावर चढलो. लोकांनी ओळखलं. कुणीतरी ओरडलं, "हाच तो, पाटवाला कवी!" आणि टाळ्या पडल्या. मी तोंड उघडलं. समोर चार-पाचशे माणसं हसायला तयार होऊन बसली होती. मी पडद्याची एक सुरकुती नीट केली, नमस्कार केला आणि खाली उतरलो.

अनंत चतुर्दशीपर्यंत ते पद सात पेठांत झालं. सगळीकडे वन्स मोर.

राहाट अंगणातून आत गेला. पडवीचं आमच्या बाजूचं दार बंद राहू लागलं. गल्लीतली मुलं येता-जाता त्या दारावर 'पाट, पाट' असं ओरडून पळायची. आई काठी घेऊन त्यांच्या मागं लागायची. माग चालू होते, राहाटही चालू असावा, पण वर गाणं नव्हतं, आणि तेव्हा मला कळलं की नुसते माग किती कर्कश असतात. मल्लेशमनं मला पुन्हा काही विचारलं नाही. आडावर भेटला तर तो बादली आधी मला द्यायचा. त्यापेक्षा त्यानं मला आडात ढकललं असतं तर बरं वाटलं असतं. आईनं मात्र एकदाच विचारलं. "त्या गान्यात तुजा हात हुता का?" मी म्हणालो, "नाही." तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि चुलीतलं लाकूड उगाचच पुढं सारलं. आई जाईपर्यंत मी ते 'नाही' परत घेतलं नाही.

दसरा झाल्यावर नरसम्माक्का निजामाच्या हद्दीतल्या एका गावी, मोठ्या बहिणीकडे जायला निघाली. तिला कुणी घालवलं नव्हतं. मल्लेशम तर रडत होता. तिचं तिनंच ठरवलं होतं. आईनं चटणीची पुरचुंडी आणि चार कडक भाकरी तिच्या गाठोड्यात बांधल्या. दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, तेलुगूत बोलल्या. मी आमच्या दारात उभा होतो. टांगा बाहेर थांबला होता. ती अंगण ओलांडून जाताना माझ्यापाशी थांबली. मी मान खाली घातली. मला वाटलं, आता विचारेल. काय उत्तर द्यायचं तेही मी आदल्या रात्री ठरवलं होतं, आणि ते खरं होतं.

ती म्हणाली, "पडदा चांगला झाला, तम्मुडू. आभाळ लई चांगला."

आणि गेली. माझं उत्तर माझ्याजवळच राहिलं, कारण प्रश्न आलाच नाही.

ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी पेठेतल्या मारुतीच्या कट्ट्यावर गेलो. सकाळी ताणा लावून झाल्यावर विणकर तिथं चहा घ्यायला जमत. दहा-बारा माणसं होती, मल्लेशमही होता. मी त्यांच्यापुढं उभा राहिलो आणि एका दमात बोललो, की ते पद मी लिहिलं, नरसम्माक्कानं माझ्याकडे गाणं मागितलं होतं, तिच्या मनात दुसरं काही नव्हतं, आणि लिहिताना मला ते माहीत होतं. बोलून झाल्यावर मला हलकं वाटलं. इतकं हलकं, की डोळ्यांत पाणी आलं. एक म्हातारा विणकर बशीत चहा ओतून फुंकर घालत होता. त्यानं तो सावकाश पिऊन संपवला, बशी पुसली आणि म्हणाला, "हे आमाला म्हाईत हाय की. आमाला कशाला सांगतोस? ज्यांना म्हाईत न्हाय त्यांना सांग. तिकडं जाऊन सांग."

त्यानं हात केला तो नव्या पेठेच्या दिशेला. मी तिकडं गेलोही. सिद्रामच्या दुकानात मेळ्यातली चौघं बसली होती. "या कविराज!" म्हणून त्यांनी जागा करून दिली, चहा मागवला. मी चहा प्यायलो. पुढच्या वर्षीच्या पडद्याचं बोलणं निघालं. मी उठून घरी आलो. वर्षाच्या आत मुंबई गाठली आणि पुन्हा सोलापुरात राहायला म्हणून कधी गेलो नाही.

आता मेळे बंद झाले, सिद्राम गेला, मल्लेशमचं घर कुठं उठून गेलं तेही कुणाला सांगता येत नाही. नरसम्माक्का त्या गावी किती वर्षं होती, पुन्हा गायली की नाही, मला ठाऊक नाही. मी शोधलंही नाही, आणि शोधलं नाही याचं कारण भीती हेच होतं. पण त्या सात पेठांत जे हसले त्यांतली कितीतरी माणसं अजून असतील. त्यांनी ते पद घरी जाऊन बायकापोरांना म्हणून दाखवलं असेल, आणि कुणाच्या तरी घरात ते अजून निघत असेल, सोलापूरच्या एका विधवेची गंमत म्हणून. ती सगळी मराठी वाचणारी माणसं आहेत. म्हाताऱ्यानं हात केला होता तो त्यांच्याकडे. तर ऐका: ती गाणं मागत होती. पाट म्हणजे गाणं. आणि तुम्ही हसलात ते न कळून हसलात. मला माहीत होतं.